पहिल्या क्रमांकाचे व्यसनमुक्ती केंद्र

"साहेब, हे माझ्या नवऱ्याने लिहिलेलं नाही."

खुर्चीवर न बसताच तिने मोबाईल माझ्या टेबलावर ठेवला होता. ती सकाळ, तो आवाज आणि मोबाईलवरून न हललेला तिचा हात हे सगळे मला अजून जसेच्या तसे आठवते. नोकरीत मी खून पाहिले, दरोडे पाहिले, खाडीतून प्रेते काढली. या प्रकरणात रक्ताचा थेंबही माझ्या डोळ्यांसमोर सांडला नाही. तरीही दुसऱ्या कुठल्या तपासात मी एवढा हादरलो नव्हतो.

तेव्हा मी पश्चिम उपनगरातल्या एका पोलीस ठाण्यात वरिष्ठ निरीक्षक होतो. सकाळची हजेरी झाली होती, रात्रीचे आरोपी कोर्टात पाठवायची गडबड चालू होती. ठाणे अंमलदाराने या बाईंना दोनदा परत पाठवले होते. त्याचे म्हणणे असे की नवरा व्यसनमुक्ती केंद्रात आहे, तिनेच दाखल केला आहे, मग तक्रार कसली? तिसऱ्या वेळी ती थेट माझ्या केबिनमध्ये आली.

ती बोरिवलीत राहायची आणि एका दातांच्या दवाखान्यात रिसेप्शनवर काम करायची. नवरा एसी दुरुस्तीचे काम करायचा. मूळचा मालवणकडचा, आजोबा गिरणीत होते. माणूस हाताचा हुशार, पण दारूने पुरता धरलेला. एका रात्री तो जिन्यात पडला, डोके फुटले. दुसऱ्या दिवशी तिने मोबाईलवर शोधले, 'बोरिवलीत व्यसनमुक्ती केंद्र'. यादीत जे सर्वांत वर आले, तिथे तिने फोन केला. पाच तारे, शेकडो अभिप्राय, एका नामवंत डॉक्टरांचे नाव. तासाभरात गाडी आली. चौघांनी नवऱ्याला उचलून गाडीत घातले. तो ओरडत होता. इमारतीतले लोक गॅलरीत आले होते. "सुरुवातीला सगळेच ओरडतात ताई," असे त्यातला एक म्हणाला.

त्यानंतर नवऱ्याची भेट नाही. फोन केला की उत्तर ठरलेले: पेशंट भावनिक होतो, उपचार बिघडतात. दिलेल्या पत्त्यावर ती गेली तर तिथे बंद शटरचा एक गाळा होता.

मी मोबाईल उचलला. केंद्राच्या पानावर तिच्या नवऱ्याच्या नावाने, त्याच्या फोटोसह अभिप्राय होता. 'माझ्या पत्नीने योग्य वेळी योग्य निर्णय घेतला. येथील वातावरण कुटुंबासारखे आहे. मला नवे आयुष्य मिळाले.'

"यात खोटं काय वाटतं तुम्हाला?" मी विचारले.

"साहेब, तो मला जन्मात पत्नी म्हणाला नाही. 'आयकतंस काय गो' अशी हाक मारतो. मराठी टाइप करायचं तर इंग्लिश अक्षरांत करतो, तेही धड नाही. आणि केंद्रवाले म्हणतात, सगळ्यांचे फोन काढून घेतलेत. मग यानं लिहिलं कशावर?"

या शेवटच्या प्रश्नावर मी सरळ बसलो. माझ्या महिला उपनिरीक्षकांना बोलावले आणि बेपत्ता व्यक्तीची नोंद घ्यायला सांगितले.

नवऱ्याच्या फोनचे लोकेशन मागवले. ते पाहून आम्ही चक्रावलो. ज्या माणसाला कोंडून ठेवले आहे असे बायको सांगत होती, त्याचा फोन मुंबईभर फिरत होता. एक दिवस मुलुंड, दुसऱ्या दिवशी अंधेरी, मग घाटकोपर, परत बोरिवली. थोडा वेळ चालू, मग बंद. फोन कुणाला केलेला नाही, कुणाचा घेतलेला नाही. ठाण्यात सगळ्यांचे एकच मत पडले. गडी केंद्रातून पळाला आणि बायकोला टाळत हिंडतोय. दारुड्याच्या बाबतीत हे मत पटकन पडते. मलाही ते पटत चालले होते.

"सर, पिणारा माणूस सुटला तर पहिला फोन कुणाला करेल?" उपनिरीक्षक म्हणाल्या. "दोस्ताला. उधार मागायला. याने एकालाही केलेला नाही."

त्यांनी बाईंना पुन्हा बोलावून घेतले आणि शांतपणे सगळे विचारले. तेव्हा कळले की त्या बंद गाळ्यापुढे बाईंना एक म्हातारी भेटली होती. घाटकोपरची विधवा, तिकडच्या शाखेला कुलूप दिसले म्हणून मुलासाठी बेसनाचे लाडू घेऊन इथवर आली होती. शटर बंद बघून दोघी पायरीवर बसल्या होत्या आणि जाताना एकमेकींचे नंबर घेतले होते. म्हातारीचा मुलगाही त्याच केंद्रात होता. उपनिरीक्षकांनी त्याच्या फोनचे लोकेशन काढले आणि दोन्ही तक्ते माझ्यापुढे शेजारी शेजारी ठेवले.

दोन्ही फोन एकाच वेळी मुलुंडला होते. एकाच वेळी अंधेरीला. एकाच वेळी चालू होत होते आणि एकाच वेळी बंद. दोन वेगळ्या उपनगरांतली दोन माणसे रोज अशी जोडीने फिरतील, एकाच क्षणी फोन चालू-बंद करतील, हे शक्य नव्हते. फिरत होते ते फक्त फोन.

मग आमच्या लक्षात आले की दुपारी हे फोन बऱ्याचदा आरे कॉलनीत बराच वेळ थांबतात. साध्या कपड्यांत आम्ही तिथे गेलो. तबेल्यांच्या वाटेवर एक चहाची टपरी आहे, तिच्या बाकड्यावर बसलो. पहिल्या दिवशी कुणी आले नाही. दुसऱ्या दिवशी जेवणाच्या सुमारास एक पांढरी गाडी झाडाखाली येऊन उभी राहिली. ड्रायव्हर उतरून चहाला आला. मागच्या सीटवर एक माणूस खाली मान घालून बसला होता. मी चालत गेलो आणि दार उघडले.

त्याच्या मांडीवर बेकरीचा पत्र्याचा ट्रे होता. ट्रेमध्ये ओळीने मोबाईल मांडलेले. प्रत्येकाच्या पाठीला चिकटपट्टी, तिच्यावर नाव आणि स्क्रीन उघडण्याचा पॅटर्न पेनाने काढलेला. त्याच्या हातातल्या फोनवर अर्धवट लिहिलेले वाक्य होते. 'येथील जेवण अगदी घरच्यासारखे'. त्या फोनच्या मागे बोरिवलीच्या बाईंच्या नवऱ्याचे नाव होते.

"काय चाललंय?" मी विचारले.

तो दचकलासुद्धा नाही. त्याला वाटले, गाडी उभी केल्याबद्दल कुणी हटकतो आहे. "डेटा एंट्री आहे, काका. पाच मिनिटांत निघतो."

पंचांसमक्ष फोन जप्त केले. आमच्या गाडीत बसवल्यावर थोड्याच वेळात ड्रायव्हर बोलता झाला. केंद्र मढला होते. समुद्राच्या बाजूला, शूटिंगसाठी भाड्याने जातात तसल्या एका बंगल्यात.

आम्ही पोहोचलो तेव्हा दुपार कलली होती. बंगला बाहेरून देखणा. बोगनवेल, झोपाळा, रंगवलेले कारंजे. आत हॉलच्या खिडक्यांना प्लायवूड ठोकलेले होते. दार उघडले आणि वास आला. पंखा नव्हता. जमिनीवर भिंतीला टेकून माणसे बसली होती, सगळ्यांची डोकी भादरलेली. कुणी उठले नाही. कुणी मदत मागितली नाही. आम्हाला बघून त्यांनी नजरा खाली घातल्या. बंदोबस्तात दंगली पाहिलेला माझा हवालदार दारातच थांबला आणि "आई गं" म्हणाला.

मी बोरिवलीच्या त्या माणसाला नावाने हाक मारली. कोपऱ्यातला एकजण दोन्ही हात डोक्यावर धरून आणखी आत सरकला.

"सांगतंय, सांगतंय... पॅटर्न सांगतंय. मारू नकात."

मी त्याच्याजवळ खाली बसलो. आम्ही पोलीस आहोत, तुझ्या बायकोने पाठवले आहे, हे त्याला समजायला बराच वेळ लागला. समजल्यावर त्याने विचारले, "ता बरा आसा मा?" ती बरी आहे ना. एवढेच.

कुंपणाबाहेर गावातली माणसे जमली होती. मी एका बाईला विचारले, इतके दिवस आरडाओरडा ऐकू येत नव्हता का? ती गोंधळून गेली. "यायचा ना साहेब. पण या बंगल्यात कायम शूटिंग असतंय. आम्हाला वाटलं, मारामारीचा सीन करतात." बोलता बोलता तिच्या डोळ्यांत पाणी आले. तिला दोष कसा देणार? मीही शेजारी राहत असतो तर तसेच समजलो असतो.

केंद्राची नोंदणी नव्हती, डॉक्टर नव्हता, औषध म्हणून एकच झोपेची गोळी होती. सगळ्यांना हॉस्पिटलात हलवले. नावे लावता लावता घाटकोपरच्या म्हातारीच्या मुलाच्या नावापाशी आलो. तो तिथे नव्हता.

बंगल्याचा मॅनेजर आमच्या ताब्यात होता. आधी म्हणाला, पळून गेला. मी त्याला पुन्हा पुन्हा एकच विचारत राहिलो: कुठल्या दाराने? दार एकच होते आणि त्याला बाहेरून कुलूप होते. रात्री उशिरा तो कोसळला. दारू अचानक तोडल्यावर त्या मुलाला झटके आले होते. डॉक्टरला बोलावले नाही. तो गेल्यावर त्याला गाडीत घालून एका सरकारी रुग्णालयाच्या आवारात बाकावर ठेवून हे लोक निघून आले होते. त्या हद्दीतल्या पोलीस ठाण्यात अनोळखी इसम म्हणून अकस्मात मृत्यूची नोंद झाली होती. वारस न सापडल्याने अंत्यसंस्कारही उरकले होते. आम्हाला मिळाला तो एक फोटो आणि कपड्यांची पिशवी.

म्हातारीच्या घरी मी स्वतः गेलो. चाळीतली एक खोली, स्वच्छ पुसलेली. उपनिरीक्षक बरोबर होत्या. मी शक्य तितक्या सरळ शब्दांत सांगितले. अशा वेळी आडवळणाने बोलण्याने समोरच्याचे हाल वाढतात. तिने ऐकून घेतले आणि मान हलवली.

"नाही हो. दुसरा कोणी असेल. माझा बरा आहे."

"मावशी..."

"अहो, गेल्याच आठवड्यात लिहिलंय त्यानं. थांबा, दाखवते." तिने चष्मा शोधला, मोबाईल काढला, बोटाने वर सरकवत तो अभिप्राय काढला. "हे बघा. 'मी आता पूर्ण बरा आहे. लवकरच घरी येईन.' शेजारणीलाही वाचून दाखवलं मी. पेढे दिले सगळ्यांना."

मी तारीख पाहिली. मुलाला जाऊन तेव्हा महिना उलटून गेला होता.

उपनिरीक्षकांनी पिशवीतला शर्ट पुढे केला. म्हातारीने तो ओळखला, कारण कॉलरचे बटण तिनेच वेगळ्या रंगाच्या दोऱ्याने लावलेले होते. मग ती रडली नाही. माझ्याकडे बघत म्हणाली, "मग हे लिहिलं कोणी?"

हा प्रश्न घेऊनच मी दुसऱ्या दिवशी अंधेरीला गेलो.

तिथे एका चकचकीत इमारतीत, मॅनेजरने दिलेल्या पत्त्यावर, केंद्राची वेबसाइट चालवणाऱ्याचे ऑफिस होते. तिशीतला, शिकलेला, मृदू बोलणारा गृहस्थ. अटक करताना त्याने कागद वाचले, वकिलाला फोन केला आणि आमच्याबरोबर चालत निघाला. चौकशीत त्याने काही लपवले नाही. उलट मला सगळे समजावून सांगू लागला, शिकवणी घेत असल्यासारखे.

"साहेब, मी कुणाला हात लावलेला नाही. मढला तर मी गेलोच नाही कधी. माझं काम फक्त वर आणायचं."

"वर कसं आणतोस?"

त्याने सांगितले. एक मोठे डॉक्टर होते, आयुष्यभर दारुड्यांवर उपचार करणारे. त्यांच्या संस्थेची वेबसाइट होती. कॉलेजे, वर्तमानपत्रे, इस्पितळे आपापल्या पानांवरून तिच्याकडे बोट दाखवत. डॉक्टर वारले. वेबसाइटच्या नावाची मुदत संपली, कुणी ती वाढवली नाही. याने ते नाव विकत घेतले. "इतक्या चांगल्या ठिकाणांहून आलेल्या लिंक म्हणजे साहेब, रेडीमेड पुण्याई. नवीन साइटला ती मिळवायला वर्षं जातात." मग प्रत्येक उपनगरासाठी वेगळे पान, बोरिवलीचे, मुलुंडचे, घाटकोपरचे. शोधणाऱ्याला जवळचे हवे असते म्हणून प्रत्येक ठिकाणी भाड्याचा एक गाळा. घाबरलेली बायको किंवा आई काय प्रश्न विचारेल ते ओळखून त्यांची उत्तरे लिहून घेतलेली, चांगल्या मराठीत. पान मोबाईलवर चटकन उघडले पाहिजे. आलेला माणूस मागे फिरता कामा नये, तिथेच रेंगाळला पाहिजे.

"आणि रिव्ह्यू," तो म्हणाला. "ते सतत यायला लागतात. खऱ्या माणसांचे, जुन्या अकाउंटवरून. बंगल्यातूनच सगळे टाकले तेव्हा बरेचसे उडाले. एकाच जागेहून आले की खोटे धरले जातात ना. म्हणून मी सांगितलं, फोन फिरवा."

"हे सगळं तपासतं कोण?" मी विचारले. माझी खरोखर अशी समजूत होती की सर्वांत वर कुणाला बसवायचे हे कुठेतरी कुणीतरी माणूस पाहत असेल. परवाना बघत असेल, निदान एक फोन तरी करत असेल.

तो हसला. कुचेष्टेने नाही, लहान मुलाच्या प्रश्नावर हसावे तसा. "कोण तपासणार साहेब? मशीन खुणा मोजतं. आम्ही खुणा पुरवतो."

त्या बाईने दार ठोठावले नव्हते, जागा पाहिली नव्हती, कुणाला विचारले नव्हते. वर आहे म्हणजे चांगले असणार, एवढ्यावर तिने नवरा हवाली केला होता. माझ्या घरी तशी वेळ आली असती तर मीही हेच केले असते.

पण फोन लोकांच्या मर्जीविरुद्ध वापरले जातात हे आपल्याला माहीत नव्हते, यावर तो अडून होता. मॅनेजर सांगायचा पेशंट खूश आहेत, आपण विश्वास ठेवला. वकिलाने त्याला हेच पढवले असणार. सायबर शाखेने तोपर्यंत मॅनेजरच्या मोबाईलवरचे मेसेज परत मिळवले होते. मी वेबसाइटवाल्यासमोर घाटकोपरच्या मुलाचा फोटो ठेवला, रुग्णालयातल्या बाकावरचा.

"याला ओळखतोस?"

"नाही."

"याच्या नावाने तुझ्या पानावर अभिप्राय आहे. मेल्यानंतरचा."

त्याने फोटो माझ्याकडे परत सरकवला. मग मी मेसेज वाचून दाखवला. मॅनेजरने त्याला कळवले होते, 'घाटकोपरवाला पेशंट आता नाही. एक्सपायर.' त्यावर याचे उत्तर होते, 'अकाउंट जुनं आहे, चांगलं आहे. चालू ठेवा.'

मी कागद खाली ठेवला. वाटले, आता हा माणूस मान खाली घालेल, निदान पाणी मागेल. त्याने कागद स्वतःकडे ओढून पुन्हा वाचला आणि म्हणाला, "साहेब, हे टेक्निकल बोलणं आहे. मी अकाउंटबद्दल बोलत होतो."

चिडून खून करणारे मी पाहिले होते. लोभाने करणारे पाहिले होते. त्यांच्या डोळ्यांत निदान मेलेला माणूस दिसायचा. याच्या डोळ्यांत तो नव्हताच, आणि त्याचे त्याला काही वाटतही नव्हते. मी उठून बाहेर व्हरांड्यात गेलो. उपनिरीक्षकांनी चहा आणून दिला, तो तसाच हातात राहिला.

सदोष मनुष्यवध, डांबून ठेवणे, फसवणूक आणि माहिती तंत्रज्ञान कायद्याची कलमे लावून दोषारोपपत्र गेले. त्या मेसेजमुळे वेबसाइटवाला बाहेर सुटू शकला नाही. बोरिवलीचा गडी बरा व्हायला खूप वेळ लागला. मोबाईल हातात घ्यायलाच तो घाबरायचा. त्याच्या बायकोने कोर्टात उभे राहून साक्ष दिली, न अडखळता. घाटकोपरच्या म्हातारीला मुलाचा मृत्युदाखला मिळवून देण्यासाठी माझ्या उपनिरीक्षक स्वतःच्या सुट्टीच्या दिवशी तिच्याबरोबर कचेरीत गेल्या. यापलीकडे तिला आम्ही काही देऊ शकलो नाही.

बंगल्याला सील लागले, आरोपी आत गेले, तरी ती वेबसाइट कित्येक दिवस यादीत सर्वांत वरच राहिली. आम्ही पत्रव्यवहार करत होतो, उत्तरे येत होती, पण मशीनला अटकेची बातमी कळलेली नव्हती. केंद्राचा नंबर आम्ही ठाण्यात चालू ठेवला. तो दिवसभर वाजायचा. फोनवर बायका असायच्या, भाऊ असायचे, शाळेत जाणाऱ्या मुलीसुद्धा. सगळ्यांचे पहिले वाक्य जवळपास एकच: "तुम्ही पहिल्या नंबरला आहात म्हणून केला."

एकदा मी स्वतः फोन उचलला. मुलुंडचे एक गृहस्थ होते, कचेरीतून निवृत्त झालेले. मुलगा पितो, काल आईवर हात उचलला, गाडी कधी पाठवता?

"हे पोलीस ठाणं आहे," मी म्हटले आणि थोडक्यात काय घडले ते सांगितले.

ते म्हणाले, "मग आता मी त्याला कुठे नेऊ साहेब?"

गुन्हेगार पकडला की आमचे काम संपते असे मी नोकरीभर धरून चाललो होतो. गुन्हेगाराकडे लोक का गेले, त्यांना दुसरे कुठले दार ठाऊक होते का, हा प्रश्न आमच्या कुठल्याही पंचनाम्यात येत नाही.

"मुलाला आज कुठेही पाठवू नका," मी त्यांना सांगितले. "आधी तुम्ही या. आपण दोघं जाऊन जागा बघू. डॉक्टर आहे का, भेटू देतात का, आतली माणसं आपल्या नजरेला नजर देतात का."

ते आले. सरकारी रुग्णालयाचा विभाग पाहिला, मग एका संस्थेचे केंद्र. दुसऱ्या ठिकाणी व्हरांड्यात दोन रुग्ण कॅरम खेळत होते आणि हरलेला आमच्यासमोर खुशाल शिव्या घालत होता. गृहस्थांनी माझ्याकडे पाहिले.

"इथे चालेल," मी म्हटले.